कमला खानसाठी रडलो, बहादूरसाठी कोण रडलं?

३१ मे २०२३ रोजी कमला खान मेली. अमेरिकेतल्या जर्सी सिटीची शाळकरी पोरगी, आईबाप पाकिस्तानातून आलेले, मार्व्हल कॉमिक्सची 'मिस मार्व्हल'. ती मेली 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या २६व्या अंकात. खलनायकाला मेरी जेनचा बळी हवा होता. कमलानं रूप बदलून मेरी जेनचा चेहरा घेतला आणि घाव स्वतःवर झेलला.

दुसऱ्या दिवशी रात्री भाचीचा फोन आला. यंदा नववीत गेलेली, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. "मामू, मारून टाकलं तिला." मला वाटलं त्यांच्या जिन्याखालच्या मांजरीबद्दल बोलतेय. मग रडण्यातून एकेक शब्द सुटा होत गेला तसं कळलं. आदल्या वर्षी मालिका बघितल्यापासून ती कमलाची भक्त झाली होती. कॉमिक्सची सवय मात्र मीच लावलेली, माझ्याच टॅबवर.

अशा वेळी मामानं जे म्हणायचं असतं तेच मी म्हणालो. बेटा, कॉमिक्समध्ये कुणी कायमचं मरत नाही, येईल परत. आणि ते खरंच ठरलं. २६ जुलैच्या 'एक्स-मेन'च्या विशेष अंकात कमला उठून उभी राहिली. बरोबर छप्पन्न दिवस. सुपरमॅनला १९९२च्या नोव्हेंबरात मारलं होतं तेव्हा दुकानांपुढे रांगा लागल्या, अंकाबरोबर दंडाला बांधायची काळी पट्टी दिली, लाखो प्रती खपल्या आणि पुढच्या वर्षी साहेब परत. या धंद्यात मरण हीसुद्धा एक जाहिरात असते.

पण माझ्या दिलाशावर भाचीनं जे विचारलं त्याचं उत्तर त्या रात्री मला देता आलं नाही. "येईल ते ठीक आहे मामू. पण स्पायडरमॅनच्या पुस्तकात का मारली?"

कमला ही कुणी ऐरीगैरी नव्हती. मार्व्हलमधल्या संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना ही मंडळी तिच्या जन्मामागे होती. अमानत न्यू जर्सीत वाढलेली पाकिस्तानी-अमेरिकन, विल्सन मोठेपणी इस्लाम स्वीकारलेली. २०१३ मध्ये कमलाची पहिली झलक आली, फेब्रुवारी २०१४ मध्ये तिचं स्वतःचं कॉमिक सुरू झालं. तिचा पोशाख बुर्किनी कापून शिवलेला. मोठा भाऊ दाढीवाला आणि नमाजी, पण लेखिकेनं त्याला खलनायक केलं नाही. मशिदीतले शेख तिला बोलावतात, वाचणाऱ्याला वाटतं आता झापणार, आणि ते सांगतात की जे काही करतेस ते हिमतीनं आणि प्रामाणिकपणे कर. पहिल्या खंडाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत बसगाड्यांवर इस्लामविरोधी जाहिराती लागल्या, तेव्हा कुणीतरी रातोरात त्यांवर कमलाची चित्रं चिकटवली.

पुढे मालिकेत मशिदीतून चप्पल चोरीला जाण्याचा प्रसंग आला तेव्हा माझी बहीण भांडी घासायची सोडून टीव्हीपुढे आली. इतकं घरातलं होतं ते.

अशा पोरीला दुसऱ्याच्या पुस्तकात मारलं. त्या मालिकेत ती दुय्यम पात्र होती, ऑस्कॉर्प कंपनीत शिकाऊ म्हणून येऊन-जाऊन असायची. तिचं मरण हे स्पायडरमॅनच्या दुःखात पडलेली आणखी एक भर. तिच्या अम्मीचं काय झालं, भावानं काय केलं, हे त्या अंकाला विचारायचं नव्हतं. त्यासाठी जुलैत एक वेगळा श्रद्धांजली अंक काढला, आणि त्यात विल्सनला परत बोलावलं. म्हणजे जिनं पोरीला वाढवलं तिला मयतीचं आमंत्रण. परत आली तेव्हा कमला 'म्युटंट' झाली होती, आदल्या वर्षीच्या मालिकेनं तसा इशारा शेवटच्या भागात दिलाच होता. नोव्हेंबरात 'द मार्व्हल्स' हा सिनेमा यायचा होता. पडद्यावरची आणि कागदावरची कमला जुळवून घ्यायची होती. माझ्या मते हे सगळं इतकंच होतं.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र आग लागलेली. "मुसलमान पोरगी होती म्हणून मारली." "इस्लामोफोबिया." एकानं मार्व्हलवर बहिष्कार जाहीर केला, अर्थात मार्व्हलचंच चित्र असलेला टी-शर्ट घातलेल्या डीपीखाली. मी या पोरांशी सहमत नाही. द्वेषानं मारलं असतं तर एका अर्थी बरं झालं असतं, निदान तिची दखल घेतली असं म्हणता आलं असतं. तिला मारलं ते गोदामातला माल एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवतात तसं. मार्व्हल २००९ मध्ये डिस्नेनं चार अब्ज डॉलरला विकत घेतली, त्यात सगळे हिरो आले आणि पुढे जन्मणारेही आले. आमच्या धंद्यात याला साधा शब्द आहे. अमानत आणि विल्सन यांना राइट अॅक्सेस दिला होता, मालकी दिली नव्हती. आणि तुम्हाआम्हाला तर फक्त रीड अॅक्सेस. तो वापरायचे पैसेही आपणच भरतो.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या एका चित्रातल्या पोरीवर कोल्हापुरात बसून इतकं काय लिहायचं? ग्रुपवरच्या एका बुजुर्गांनी तेच म्हटलं होतं, "कार्टूनसाठी रडता? कौमपुढे मोठे प्रश्न आहेत." प्रश्न आहेत. आणि त्या फोननंतर सहाव्या दिवशी मोठा प्रश्न आमच्या शहरात रस्त्यावर उतरलाही.

मोबाईलवरच्या स्टेटसवरून वातावरण तापलं. ७ जूनला हिंदुत्ववादी संघटनांनी कोल्हापूर बंद पुकारला, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला. इंटरनेट बंद झालं. मी घरून काम करणारा माणूस, साधा फोन लावून मॅनेजरला सांगितलं की आज शहरच ऑफलाइन आहे. दार लावून आम्ही बसलो होतो. अब्बांनी दिवसभरात कितीदा कडी तपासली ते मोजलं नाही.

गल्लीत डिप्लोमाला असलेला एक पोरगा आहे, प्रोग्रामिंगचं अडलं की माझ्याकडे येतो. त्याचा त्या स्टेटसशी संबंध नव्हता, तरी त्याच्या आईनं त्याचा मोबाईल काढून घेऊन तांदळाच्या डब्यात पुरला होता. संध्याकाळी तो आमच्या जिन्यात येऊन बसला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "भाई, त्यांच्याकडं सगळे हायत. आपल्याकडं कोण हाय?"

भाचीचा प्रश्न आणि याचा प्रश्न एकच आहे, हे मला त्या जिन्यात कळलं. दोघांनाही कुणीतरी 'आपलं' हवंय. तिनं ते न्यूयॉर्कच्या कंपनीकडून उसनं आणलं. याच्या वयाची काही पोरं ते कबरीतून उसनं आणतात. मेलेला राजा फार सोयीचा हिरो असतो. तो आता नवीन चूक करत नाही, उलट उत्तर देत नाही, आणि त्याच्या तोंडी कुणीही काहीही घालू शकतं. आपल्या पोरानं एक ओळ घातली, समोरच्यानं दुसरी घातली, आणि मधे हातगाडीवाल्याच्या काचा फुटल्या. ज्या राजासाठी हे झालं त्यानं ना या पोराची फी भरली, ना त्याला कधी विचारलं की तुला काय काढता येतं. ते करणारा राजा याच शहरात होऊन गेला. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग बघा, १९०६ मध्ये शाहू महाराजांनी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली त्यातून ते आलंय. मग 'त्यांच्याकडं' कोण आणि 'आपल्याकडं' कोण? ही वाटणी तू कुणाच्या सांगण्यावरून केलीस, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "ते ठीक हाय भाई." म्हणजे पटलं नव्हतं.

इंटरनेट नसल्यानं त्या रात्री माळ्यावरची अब्बांची पत्र्याची पेटी काढली. अब्बा एसटीत मेकॅनिक होते. ड्यूटी सुटली की सीबीएसच्या स्टॉलवरून इंद्रजाल कॉमिक्स आणायचे, काही मराठी, काही हिंदी, जे हाताला लागेल ते. टाइम्स गटानं १९६४ मध्ये सुरू केलेली ही मालिका. वेताळ, म्हणजे फॅन्टम, हा तिचा राजा. वेताळाची गंमत तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, कारण मरणाची तितकी प्रामाणिक गोष्ट मार्व्हलला जमलेली नाही. वेताळ मरतो. खरोखर मरतो, परत येत नाही. त्याचा मुलगा मुखवटा चढवतो आणि जगाला वाटतं की हा अमर आहे. आपण वाचतो तो एकविसावा. मेलेल्यांच्या कबरी गुहेत आहेतच.

पण पेटीत मला सापडला तो बहादूर. १९७६च्या डिसेंबरात इंद्रजालमध्ये आलेला भारतीय हिरो. केशरी कुर्ता आणि जीन्स. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीनं मेलेला. पोरगा सूड घ्यायला निघतो, मग त्याला बापाच्या हातून उजाड झालेले लोक दिसतात आणि तो बंदूक सरकारविरुद्ध न चालवता गावकऱ्यांना एकत्र करतो. नागरिक सुरक्षा दल काढतो. उडत नाही, डोळ्यांतून किरण सोडत नाही. कराटे येतं आणि माणसं जोडता येतात, इतकंच.

हा बहादूर घडवला आबिद सुरतींनी. चित्रं गोविंद ब्राह्मणियांची, पण बाप आबिद. अब्बांनी त्याचे कितीतरी अंक वाचलेत, आणि त्यांना हे माहीतच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, "आपल्यातला?" आणि मग बराच वेळ हातातला अंक उलटापालटा करून बघत राहिले, जणू कुठंतरी खूण असेल.

खूण नव्हती, आणि माझा मुद्दा तोच आहे. १९३५ मध्ये गुजरातेत जन्मलेला, मुंबईत वाढलेला हा मुसलमान पोरगा. त्यांनीच अनेकदा सांगितलेली गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोऱ्या सैनिकांच्या गाडीमागे मुलं धावायची, एकदा कुणीतरी कॉमिक फेकलं, मुलांच्या ओढाताणीत ते फाटलं आणि आबिदच्या हाती एकच पान आलं. ते बघून बघून तो काढायला शिकला. पुढे जेजे स्कूलमध्ये गेला. कादंबऱ्या लिहिल्या, 'धर्मयुग'मध्ये वर्षानुवर्षं 'ढब्बूजी' काढला, १९९३ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. म्हणजे त्यालाही हिरो आधी परक्या गाडीतून फेकलेल्या पानावरच भेटला होता. फरक एवढाच की ते पान घेऊन तो रडत बसला नाही, की फेकणाऱ्याला 'अजून टाका, आमच्यासारखा चेहरा असलेलं टाका' असं म्हणत गाडीमागे धावला नाही. त्यानं पेन्सिल घेतली. आणि जेव्हा हिरो काढला तेव्हा 'मुसलमानांचा' हिरो नाही काढला, देशाच्या पोरांना हिरो दिला. केशरी कुर्त्यातला! तेव्हा कुणी त्याला विचारलं नाही की हा रंग तुला कुणी दिला. आज विचारतील, मला माहीत आहे. पण आज आपणही विचारू. "आबिदभाई, बहादूरचं नाव बशीर का नाही ठेवलं?" दोन्हीकडून आपल्याला एकाच खोलीत कोंडलं जातंय, आणि आतली कडी आपण स्वतः लावतोय.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. घरोघरी टीव्ही आला होता. बहादूर त्याबरोबरच गेला. त्याला खलनायकानं मारलं नाही, कुणाच्या मांडीवर त्याचं डोकं नव्हतं, काळी पट्टी नाही, श्रद्धांजली अंक नाही. पुढच्या महिन्यात स्टॉलवर आला नाही, इतकंच. अब्बांनी दोनचार वेळा विचारलं असेल, मग सोडून दिलं. कॉमिक्समधलं खरं मरण हेच. बाकीचे सगळे छप्पन्न दिवसांत उठतात.

मग मी ग्रुपवर हे सगळं टाकलं. इंटरनेट आल्यावर. तीन प्रकारचे आक्षेप आले.

एक, मामला जुना झाला, आता कमला पाहिजे, कारण बहादूरच्या घरात माझी अम्मी नाही. हा आक्षेप भाचीचाही आहे आणि मी तो मान्य करतो. बहादूर वाचून अब्बांना कधी असं वाटलं नाही की ही आपल्या स्वयंपाकघरातली गोष्ट आहे. कमला वाचून माझ्या बहिणीला वाटलं. त्या आनंदाला मी नावं ठेवणार नाही. मी एवढंच म्हणतो की ते स्वयंपाकघर विल्सनबाईंनी जर्सी सिटीचं काढलं, कोल्हापूरचं तर त्या काढणार नाहीत. तांबड्या-पांढऱ्याच्या वासाचं, दखनी आणि मराठी एका वाक्यात मिसळणारं, गणपतीत आणि मोहरमात एकाच पंजापुढे उभं राहणारं घर कोण काढणार?

दुसरा आक्षेप, चित्रं काढणं आपल्यात बसत नाही. यावर मी फतव्यांची पुस्तकं उघडणार नाही, तो माझा विषय नाही. मी फक्त आबालाल रहिमान यांचं नाव घेतो. याच कोल्हापूरचे, जेजेला शिकून आलेले, शाहू महाराजांच्या दरबारातले चित्रकार, १९३१ मध्ये वारले. त्यांचे वडील कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करायचे असं सांगतात. बापानं बोरूनं अल्लाचा कलाम लिहिला, पोरानं कुंचल्यानं पंचगंगा आणि कोटीतीर्थ रंगवलं, एकाच घरात. महाराज गेल्यावर दुःखानं त्यांनी आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडली, असंही सांगतात. या शहरातल्या किती मुस्लिम पोरांना हे नाव माहीत आहे? मी अकरावीपर्यंत ऐकलं नव्हतं. ते आमच्या शिक्षकांनी सांगायला हवं होतं आणि आमच्या जमातीनंही.

तिसरा आक्षेप पैशांचा. हा सगळ्यात पोकळ. एका ए-फोर कागदाला तीन घड्या घाला, मधे एक काप मारा, आठ पानांची पुस्तिका होते. पुढचं झेरॉक्सवाल्यावर सोडा. मी स्वतः दहा वर्षांत स्ट्रीमिंगच्या वर्गण्या, टी-शर्ट आणि तीन सिनेमे अधिक पॉपकॉर्न यांवर जे घालवलं त्यात गल्लीतल्या सगळ्या पोरांना चित्रकलेची शिकवणी लागली असती. हा हिशेब मी खरंच एक्सेलमध्ये मांडला आणि मग फाईल बंद केली.

आबिद सुरतींबद्दल एक सांगायचं राहिलं. सत्तरी ओलांडल्यावर, २००७ मध्ये, त्यांनी मीरा रोडला एक काम सुरू केलं. दर रविवारी एक प्लंबर घेऊन लोकांच्या घरी जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. दार उघडणाऱ्याचं नाव काय, हे न बघता. बहादूरचं नागरिक सुरक्षा दल १९९० मध्ये कागदावर संपलं खरं, पण त्याचा लेखक वॉशर आणि पाना घेऊन जिने चढत राहिला.

मी रविवारचीच वेळ घेतली. आमच्या माडीवर, अकरा ते एक. पहिल्या रविवारी भाची आणि तिची मैत्रीण, दोघीच. तिसऱ्या रविवारी डिप्लोमावाला आला, चित्र येत नाही म्हणाला, मग संवाद लिहायला बसला आणि ते बरे लिहितो. मैत्रीण जैन आहे, तिची हिरोईन मांजर आहे, ते असो.

भाचीच्या गोष्टीतली पोरगी चिखलीकडची. तिला पाणी किती चढणार ते आदल्या दिवशी तळपायांना कळतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांना धोक्याची पातळी गाठते, पण ती ३० फुटांना असतानाच ही घरोघर सांगत सुटते आणि कुणी ऐकत नाही, कारण ती कोण सांगणारी. आठ पानांची तीन पुस्तिका झाल्यात. चौथीत पूर आलाय, ती एका म्हातारीला छपरावर चढवतेय आणि खालून पाणी वाढतंय.

गेल्या रविवारी तिनं पेन्सिल खाली ठेवून विचारलं, "मामू, मारू का हिला?" मी म्हटलं मला विचारू नकोस. डिप्लोमावाला म्हणाला मारू नको, पुढचे संवाद लिहून झालेत. त्यावरून दोघांचं भांडण जुंपलं. सातवं पान अजून कोरं आहे.